व्हिप: एकट्याला धाक, घोळक्याला मोकळीक

महापौराची निवडणूक असो, विश्वासदर्शक ठराव असो की विधानसभा अध्यक्षांची निवड. आदल्या रात्री वाहिन्यांवर एक वाक्य ठरलेलं असतं: ‘अमुक पक्षाने आपल्या सदस्यांना व्हिप बजावला.’ व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. दुसऱ्या दिवशी ‘व्हिप झुगारला’. तिसऱ्या दिवशी ‘अपात्रतेची टांगती तलवार’. त्यानंतर कित्येक महिने काहीच होत नाही, तलवार टांगलेलीच राहते, आणि ज्यांच्या डोक्यावर ती असते त्यातले काहीजण तोवर मंत्रिपदाची हौस भागवून घेतात. बघणाऱ्याला प्रश्न पडतो, हा व्हिप खरा चाबूक आहे की चाबकाचं नुसतं चित्र?

उत्तर असं की दोन्ही. तो कुणाच्या पाठीवर पडतोय यावर ते ठरतं. कसं, ते पायरीपायरीने पाहू.

शिकारी कुत्र्यांकडून आलेला शब्द

चाबकाने मारण्यासाठी इंग्रजीत पाच-सहा क्रियापदं आहेत. ‘फ्लॉग’ म्हटलं की खांबाला बांधलेला कैदी किंवा जहाजावरचा खलाशी डोळ्यांपुढे येतो. ते सरळसरळ शिक्षेचं क्रियापद. ‘लॅश’मध्ये फटका आहे, म्हणून लाटा आणि पाऊसही ‘लॅश’ करतात. ‘व्हिप’मध्ये मात्र मारण्याइतकंच हाकणंही आहे. घोड्याला, गुराला, कुत्र्याला ‘आपल्या रांगेत ये’ असं सांगणं त्यात येतं.

इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीला कुत्र्यांचा मोठा ताफा न्यायचे. त्यातली भरकटणारी कुत्री चाबूक वाजवून कळपात परत आणणाऱ्या माणसाला ‘व्हिपर-इन’ म्हणत. अठराव्या शतकात ही भाषा ब्रिटिश संसदेत शिरली. एडमंड बर्क यांनी १७६९ मध्ये कॉमन्स सभागृहातल्या भाषणात तिचा वापर केल्याचं सांगितलं जातं. मतदानाच्या वेळी गावाकडे, क्लबात, शिकारीवर पांगलेले आपल्या बाजूचे खासदार गोळा करून आणायचे, तर त्या कामाला दुसरा कोणता शब्द सुचणार? खासदारांना कुत्र्यांच्या जागी ठेवणारी ही उपमा खासदारांनीच कौतुकाने वापरली, हे विशेष.

आपल्याकडे एक गोंधळ होतो. इंग्रजीत तो माणूसही ‘व्हिप’ आणि त्याने काढलेला आदेशही ‘व्हिप’. मराठी विधिमंडळाच्या भाषेत माणूस म्हणजे प्रतोद, त्यांचा प्रमुख तो मुख्य प्रतोद. आणि आदेश म्हणजे व्हिप किंवा पक्षादेश. पुढे मी तसंच लिहिणार आहे.

प्रतोद करतो काय?

लग्नघरात एक काका असतात. कोणाची गाडी कुठे अडकली, कोण रुसून बसलंय, कोणाला पंगतीत कोणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं. मुहूर्ताला सगळे मांडवात हजर दिसले की श्रेय यजमानाला, आणि एखादी आत्या रुसून निघून गेली की शिव्या काकांना. प्रतोदाचं रोजचं काम हे असं आहे. कोण बोलणार, किती मिनिटं बोलणार, मतदान कधी होईल, आपली किती डोकी जागेवर आहेत, कोण कॅन्टीनमध्ये आहे, आणि कोण फोन उचलत नाही. लोकसभेत सत्ताधारी पक्षाचं हे काम संसदीय कामकाज मंत्र्यांकडे असतं.

आदेशाच्या तीन पायऱ्या आहेत. ब्रिटनमध्ये कामकाजाच्या पत्रकातल्या विषयाखाली एक, दोन किंवा तीन रेघा ओढायची पद्धत पडली, त्यावरून ही नावं आली. एक रेघ म्हणजे मतदान आहे, माहिती असू द्या. दोन रेघा म्हणजे हजर राहा. तीन रेघा म्हणजे हजर राहा आणि सांगितलं तसंच मत द्या. आपल्याकडे बातमीत येतो तो बहुतेक वेळा हा तिसरा, ‘थ्री-लाइन व्हिप’.

कागदाला धार कुठून आली?

स्वतंत्र भारतात जवळपास चार दशकं व्हिप मोडला तर पक्ष फार तर हकालपट्टी करू शकत होता. आमदारकीला धक्का लागत नसे. १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द मिळाला. पुढची अनेक वर्षं राज्याराज्यांतली सरकारं अशाच ये-जा करणाऱ्यांमुळे पडत राहिली.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने ५२वी घटनादुरुस्ती केली आणि राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली. यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. त्यात आमदारकी किंवा खासदारकी जाण्याची दोन मुख्य कारणं आहेत. पहिलं, सदस्याने स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडणं. दुसरं, पक्षाच्या निर्देशाविरुद्ध सभागृहात मतदान करणं किंवा मतदानाला गैरहजर राहणं. दुसऱ्या प्रकारात पक्षाला पंधरा दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात पक्षाने माफ केलं तर विषय संपला.

दहाव्या अनुसूचीत ‘व्हिप’ हा शब्दच नाही. तिथे ‘निर्देश’ आहे, आणि तो ‘राजकीय पक्षाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने’ दिलेला असला पाहिजे. ही शब्दरचना लक्षात ठेवा. २०२२ नंतर महाराष्ट्रात वकिलांच्या फौजा भांडल्या त्या मुख्यतः याच शब्दांवर.

पहिल्या कारणातही एक खोच आहे. ‘स्वेच्छेने पक्ष सोडणे’ म्हणजे राजीनाम्याचं पत्रच हवं असं नाही. वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गोव्यातल्या रवी नाईक यांच्या प्रकरणात सांगितलं. म्हणून एखादा आमदार दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावर हार घालून घेतो तेव्हा ‘मी अजून मूळ पक्षातच आहे’ हे त्याचं वाक्य पुरेसं ठरत नाही.

व्हिप मोडून दिलेलं मत मोजतात का?

मोजतात. याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज दिसतो. व्हिप मोडला म्हणून मत बाद होत नाही. अपात्रतेची कारवाई मागाहून, रीतसर अर्ज झाल्यावर, सुनावणी होऊन चालते. मत मात्र त्या क्षणी पडून गेलेलं असतं.

१७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयींचं सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. नॅशनल कॉन्फरन्सने सरकारच्या बाजूने मत द्यायचं ठरवलं होतं. त्याच पक्षाचे सैफुद्दीन सोझ यांनी विरोधात दिलं. पक्षाने त्यांना काढून टाकलं. सरकार काही परत आलं नाही, थोड्याच दिवसांत लोकसभाही विसर्जित झाली. ज्याला खरोखर सरकार पाडायचंच आहे आणि किंमत मोजायची तयारी आहे, त्याचा हात व्हिपला धरता येत नाही.

एक गेला तर गद्दार, सगळे गेले तर विलीनीकरण

आता कायद्यातल्या खऱ्या गोमेकडे येऊ. एकट्या सदस्याने व्हिप मोडला तर त्याचं पद धोक्यात. पण मूळ १९८५ च्या कायद्यात अशी सोय होती की एक-तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’, पक्षांतर नव्हे. १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा आमदारांची जुळवाजुळव याच आकड्यासाठी चालली होती. चिल्लर पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवाना, अशी टीका होऊ लागली. शेवटी २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ‘फूट’ ही सोय काढून टाकली.

उरलं ते विलीनीकरण. विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असतील तर त्यांना अपात्रता लागत नाही. म्हणजे घाऊक परवाना गेला नाही, त्याचा भाव वाढला. गोव्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपची वाट धरली. निवडणूक होऊन वर्षही झालं नव्हतं. आठ हा आकडा योगायोग नव्हता, अकराचे दोन-तृतीयांश म्हणजे आठच भरतात. लहान पक्षात हे गणित आणखी सोपं होतं. तीन आमदारांच्या पक्षात दोघांचं एकमत झालं की काम झालं.

दोन-तृतीयांश जमत नसतील तर तिसरी वाट आहे, राजीनामा. २०१९ मध्ये कर्नाटकात राजीनाम्यांच्या सत्रानंतर काँग्रेस आणि जनता दलाच्या (सेक्युलर) सतरा आमदारांना अध्यक्षांनी अपात्र ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळीक दिली. त्यांतले बहुतेकजण नव्या पक्षाच्या चिन्हावर लगेच निवडून आले. ज्याच्या मागे मतदारसंघ भक्कम आणि नवा पक्ष तयार, त्याला अपात्रता म्हणजे दोन-चार महिन्यांची गैरसोय.

एका पक्षाचे दोन चाबूक

कायदा लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: पक्ष एकच असेल, त्याचा प्रतोद एकच असेल, आणि तो कोण यावर वाद नसेल. जून २०२२ मध्ये महाराष्ट्राने हे गृहीतक मोडीत काढलं.

क्रम असा. २० जूनला विधान परिषदेची निवडणूक झाली. तिथे आमदारांचं मतदान गुप्त असतं; तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीची मतं फुटली आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार सुरतेकडे निघाले, पुढे गुवाहाटीला. शिवसेनेचे मुख्य प्रतोद सुनील प्रभू हे उद्धव ठाकरे यांच्या बाजूचे. त्यांनी आमदारांना बैठकीला हजर राहण्याचा व्हिप काढला. शिंदे गटाने उत्तर दिलं की व्हिप विधिमंडळाच्या कामकाजापुरता असतो, बैठकीला नाही. आणि तसंही आमचे प्रतोद आता भरत गोगावले आहेत.

३ जुलैला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे टोकाला गेलं. प्रभूंचा व्हिप राजन साळवी यांना मत द्या असं सांगत होता, गोगावल्यांचा राहुल नार्वेकर यांना. एकाच चिन्हावर निवडून आलेल्या आमदाराच्या हातात परस्परविरोधी दोन आदेश. कुणालाही मत द्या, एक व्हिप मोडणारच. नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले आणि त्यांनी गोगावल्यांना प्रतोद म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला.

मग प्रश्न उरला की प्रतोद नेमतं कोण? आमदारांचा गट, म्हणजे विधिमंडळ पक्ष. की बाहेरची संघटना, म्हणजे राजकीय पक्ष? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट सांगितलं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचं बहुमत नव्हे. त्यामुळे गोगावल्यांना दिलेली मान्यता बेकायदा होती. ऐकणाऱ्याला वाटलं, झालं, निकाल लागला.

पण घटनापीठाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच सोपवला आणि सांगितलं की आधी खरा राजकीय पक्ष कोणता ते ठरवा. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकरांनी ठरवलं: २१ जून २०२२ ला फूट पडली तेव्हा शिंदे यांची शिवसेना हाच खरा राजकीय पक्ष होता. या एका निष्कर्षाने सगळी साखळी उलटी फिरली. प्रभू त्या दिवसापासून प्रतोद राहिले नाहीत, म्हणून त्यांचा व्हिप निरर्थक. आणि गोगावल्यांची नेमणूक वैध. खरा पक्ष कोणता हे ठरवताना त्यांनी ज्या गोष्टी पाहिल्या त्यांत आमदारांचं बहुमतही होतं. म्हणजे न्यायालयाने पुढच्या दाराने बाहेर घालवलेलं बहुमत मागच्या दाराने आत आलं, असं माझं मत आहे. दुसरी बाजू म्हणेल की फुटलेल्या पक्षात बहुमत मोजायचं नाही तर काय मोजायचं? त्या प्रश्नातही दम आहे.

गंमत पुढेच आहे. गोगावल्यांचा व्हिप वैध ठरला, तो ठाकरे गटाच्या आमदारांनी मोडला होता, तर मग ते अपात्र व्हायला हवे होते. तेही झाले नाहीत. कारण व्हिप त्यांच्या हाती रीतसर पोचल्याचं सिद्ध झालं नाही. दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीच्या प्रकरणातही तसंच घडलं. म्हणूनच आता पक्ष व्हिप काढताना पोचपावती, सही, ई-मेल, आमदार निवासाच्या दारावर चिकटवलेली प्रत आणि तिचा फोटो, असा सगळा पुरावा गोळा करताना दिसतात.

‘पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात ना? मग पक्षाचं ऐका!’

हा आक्षेप रास्त आहे. मतदाराने चिन्ह पाहून मत दिलेलं असतं. उमेदवाराने निवडून आल्यावर भलत्याच दुकानात माल विकावा, हे कुणालाही चीड आणणारं आहे.

पण व्हिप फक्त सरकार तारण्या-पाडण्यासाठी वापरला जात नाही. एखाद्या साध्या विधेयकावरही तो काढला जातो. समजा आपल्या मतदारसंघातल्या शेतकऱ्यांना एखादं विधेयक मारक आहे असं आमदाराला मनापासून वाटतं. तो विरोधात भाषण करू शकतो, मत देऊ शकत नाही. दिलं तर आमदारकी गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात पक्षांतरबंदी कायदा वैध ठरवला, पण याच ठिकाणी सावध केलं: अपात्रता आणणारा निर्देश विश्वास-अविश्वास ठरावापुरता किंवा पक्षाने मतदारांपुढे मांडलेल्या मूळ कार्यक्रमापुरता असावा. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने आणि नंतर १९९९ मध्ये विधी आयोगाने याच दिशेच्या शिफारशी केल्या. कोणत्याही पक्षाच्या सरकारने त्या अंमलात आणल्या नाहीत. हातातला चाबूक कोण आपणहून आखूड करेल?

ज्या देशाकडून आपण हा प्रकार घेतला, तिथे तो असा चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी कोसळला. त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं आणि सगळे खासदार राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी २१ बंडखोरांवर तिथली सर्वांत कडक शिक्षा केली, ती म्हणजे व्हिप काढून घेणं. पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर. खासदारकी मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत शाबूत. आपल्याकडे व्हिप मिळाला की पोटात गोळा येतो, तिकडे तो काढून घेतला की येतो. अमेरिकेतही प्रतोद असतात. २०१७ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी आरोग्य विम्याच्या विधेयकावर अंगठा खाली करून आपल्याच पक्षाला हरवलं, तरी त्यांच्या पदाला कुणी हात लावू शकलं नाही.

मग आपणही कायदा काढून टाकावा का? मला तसं वाटत नाही. तिथल्या खासदाराला विकत घेण्याचा बाजार आपल्याइतका उघडा नाही. सरकार टिकवण्या-पाडण्याच्या मतदानाला व्हिप असावा, बाकी मतदान मोकळं ठेवावं, हा मधला मार्ग तीस वर्षांहून अधिक काळ कागदावर तयार पडून आहे.

कुठे लागू होत नाही, आणि निकालाला इतका वेळ का?

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला व्हिप लागू नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, तरी दुसऱ्याला मत दिलं म्हणून दहाव्या अनुसूचीखाली आमदारकी जात नाही. विधान परिषदेचं वर सांगितलंच. २०२२ चं बंड व्हिप जिथे पोचत नाही त्याच मतदानाच्या रात्री सुरू झालं.

वेळेचं कारण सरळ आहे. निकाल देणारे अध्यक्ष स्वतः कुठल्या तरी पक्षाचे असतात, आणि दहाव्या अनुसूचीत त्यांना मुदत घातलेली नाही. मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिने ही साधारण मर्यादा सांगितली. तेलंगणाच्या अध्यक्षांना जुलै २०२५ मध्ये पुन्हा तेच तीन महिने सांगावे लागले. महाराष्ट्रात बंड ते निकाल यात दीड वर्ष गेलं, आणि निकालानंतर त्या विधानसभेचं आयुष्यच वर्षभराहून कमी उरलं होतं.

नगरसेवकांचं काय?

दहावी अनुसूची संसद आणि विधिमंडळापुरती आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांच्यासाठी महाराष्ट्राचा १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे. तत्त्व तेच, पण दोन फरक महत्त्वाचे. इथे राजकीय पक्षासोबत स्थानिक आघाडीलाही व्हिप काढता येतो. आणि निकाल महापौर देत नाहीत. महापालिकेसाठी विभागीय आयुक्त देतात, बाकीच्या संस्थांसाठी जिल्हाधिकारी. म्हणून पालिकेचे निकाल लागले की नगरसेवकांना बसमध्ये भरून आधी गटनोंदणीला नेतात. मुंबई-ठाण्याकडचे कोकण भवनात, म्हणजे कोकणच्या विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. गट नोंदला, गटनेता ठरला, की मगच महापौर निवडीचा व्हिप कुणाचा हे पक्कं होतं.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे उपसरपंचाच्या निवडीला व्हिप नसतो. तिथे निवडीच्या आठवड्यात सदस्यांना महाबळेश्वर नाहीतर गोव्याला सहलीला नेलं जातं आणि फोन काढून घेतले जातात.